सत्कार उत्साहात संपन्न

या शहरात कार्यक्रम संध्याकाळी होतात आणि त्यांच्या बातम्या दुपारीच लिहून तयार असतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शहरात दैनिक एकच. त्याचा छापखाना दुसऱ्या गावी, त्यामुळे स्थानिक पान दिवस मावळायच्या आत धाडावं लागतं. लोक मात्र कामावरून सुटल्याशिवाय कार्यक्रमाला जमत नाहीत. मग करायचं काय? निमंत्रणपत्रिका समोर ठेवायची, जे होणार आहे ते झालं असं लिहायचं, पाहुण्यांनी मोलाचं मार्गदर्शन केलं म्हणायचं आणि शेवटी 'कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला' हे शेपूट जोडून द्यायचं. पाहुण्यांनी मार्गदर्शन केलं की जांभया दिल्या, बघतंय कोण? ऑफिसात या बातम्यांना 'आगाऊ' म्हणत. "आगाऊ झाल्या का?" असं संपादक जेवणानंतर विचारायचे, आणि ताई मान न वळवताच "झाल्या" म्हणायची.

ताई म्हणजे स्थानिक पानाची उपसंपादक. शिपायापासून मालकापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. तिचे केस या पानावरच पिकले. नवीन असताना ती आगाऊ लिहायला कचरायची. मग एकदा एका नाटकाच्या प्रयोगाला ऐनवेळी वीज गेली, प्रयोगच झाला नाही आणि पेपरात मात्र रसिकांनी भरभरून दाद दिली. दुसऱ्या दिवशी ताई शिव्या खायच्या तयारीनं ऑफिसात आली. दुपारी नाटकमंडळींचा फोन आला, तर ते आभार मानत होते. प्रयोग काय, पुन्हा कधीतरी होईल, पण बातमी फार छान आली म्हणाले. त्या दिवसापासून तिची भीड चेपली ती चेपलीच.

आणि खरं सांगायचं तर शहरालाही तेच हवं असतं. आपल्याकडे काय घडलं यापेक्षा काय छापून आलं याची कात्रणं लोक जपून ठेवतात. कोणी म्हणेल, पेपरवाल्यांनी लोकांना बिघडवलं. कोण कुणाला बिघडवतंय, हे दोन्हीकडच्या लोकांनी एकदा बसून ठरवावं.

तर झालं असं, की यंदा शहराच्या वर्धापनदिनाला नागरिक मंडळानं ज्यांचे सत्कार ठरवले, त्यांत ताईचे बाबा होते.

बाबा नगरपालिकेच्या तरणतलावावर पोहायला शिकवायचे. शहरातला कुठलाही चाळिशी ओलांडलेला माणूस धरा, त्याच्या नाकातोंडात पहिल्यांदा पाणी गेलं ते बाबांच्या समोर. सगळे त्यांना 'सर' म्हणत. बाबा निवृत्त झाले, आणि थोड्याच दिवसांत नगरपालिकेनं तलाव बुजवून तिथं गाड्या उभ्या करायला जागा केली. निरोपाचा समारंभ करायचं राहून गेलं. साहेब रजेवर होते, मग साहेब बदलले, मग विषयच संपला. बाबा त्याबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत, पण त्या गाड्यांच्या बाजूचा रस्ता त्यांनी कायमचा सोडला. बाजारात जायचं तरी लांबून वळसा घालून जायचे.

म्हणून मंडळाचं निमंत्रण आलं तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. बाबांनी पांढरा सदरा परीटघडीचा करून आणला. दोन मिनिटं बोलायला मिळणार होती. ती दोन मिनिटं ते गॅलरीत फेऱ्या मारून पाठ करत होते, आणि आत्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, जी आता यांच्याकडेच राहायची, ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "दादा, शपथविधी आहे का तुझा?" ताईनं विचारलं, बोलणार काय आहात? बाबा म्हणाले, "तिथं ये आणि ऐक. तू पुढच्या रांगेत बस." ताईनं कबूल केलं. ती जाणारही होती. त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये.

पण कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी एका दुकानदारानं अर्ध्या पानाची जाहिरात मागे घेतली आणि पानाला भगदाड पडलं. संपादक म्हणाले, "ताई, तुमच्याशिवाय हे कुणाला भरता येणार?" असं म्हटलं की ताई विरघळते, हे त्यांना ठाऊक होतं. तिनं घरी कळवलं, तुम्ही दोघं पुढे व्हा, मी येतेच. मग जागा भरायला बसली. आणि भरायला हाताशी सगळ्यांत मोठी बातमी होती ती वर्धापनदिनाचीच.

एरवी ती सत्कारमूर्तींची नुसती नावं देऊन मोकळी होई. पण जागा रिकामी होती आणि बाप आपला होता. तिचा हात सैल सुटला. सरांचं नाव पुकारताच सभागृह उभं राहिलं, असं तिनं लिहिलं. टाळ्यांचा कडकडाट बराच वेळ थांबेना, असं लिहिलं. मानचिन्ह स्वीकारताना सरांना गहिवरून आलं. आणि मग तिनं त्यांच्या तोंडी एक वाक्य घातलं, "घाबरलेल्या माणसाचा हात सोडायचा नाही, एवढंच मला पाण्यानं शिकवलं." वाक्य लिहून झाल्यावर तिचे स्वतःचेच डोळे भरून आले. जाहिरातीच्या घोळात पान त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत लांबलं होतं. ते पाठवण्याआधी तिनं मंडळाच्या चिटणिसांना फोन केला. मागे लाउडस्पीकर वाजत होता. "जोरात चाललंय ताई, जोरात," ते ओरडले. ताईनं पान धाडलं. त्यानंतर दुसऱ्या पानाचं काहीतरी अडलं, मग तिसऱ्याचं, आणि ती घरी पोचली तेव्हा बाबांच्या खोलीचं दार लागलेलं होतं. दमले असतील म्हणून तिनं हाक मारली नाही.

सकाळी ती उठली तर बाबा फिरायला गेलेले आणि आत्या जेवणाच्या टेबलाशी पेपर उघडून बसलेली. आत्या पेपर वाचत नव्हती. त्याच्यावर तळहात ठेवून बसली होती.

"कोण उभं राहिलं गं?" आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"इथं लिहिलंय, सभागृह उभं राहिलं. मी तिथंच होते. माझ्या शेजारची बाई उभी राहिली ती लेकीच्या घरी जायला उशीर झाला म्हणून."

आणि मग आत्यानं सांगितलं. पाहुणे उशिरा आले. आले ते बोलतच सुटले. शहर किती वाढलं, अजून किती वाढणार, आणि ते वाढवण्यात त्यांचा स्वतःचा हात किती. मग तीन-चार सत्कार झाले, त्यांत एक मंडळाच्या अध्यक्षांच्या व्याह्यांचा. तेवढ्यात हॉलचा मॅनेजर घड्याळ दाखवायला लागला, कारण पुढे कुणाचातरी गाण्याचा कार्यक्रम होता. मग सूत्रसंचालन करणारी बाई गोड आवाजात म्हणाली, की वेळेअभावी उरलेल्या सत्कारमूर्तींनी आपापली मानचिन्हं स्टेजशेजारच्या टेबलावरून घेऊन जावीत.

"आणि बाबा?"

"बाकीच्यांनी घेतली. चक्क रांग लावून घेतली. सत्काराला एक म्हातारी नर्स होती, तिनंही आपलं शोधून पिशवीत टाकलं. दादा जागचा हलला नाही. मी म्हटलं, मी आणते. तर म्हणाला, हात लावशील तर बघ. बसून राहिला. माणसं गेली, दिवे बंद व्हायला लागले, खुर्च्या उचलणारा आमच्या रांगेपर्यंत आला, म्हणाला आजोबा उठा, तेव्हा उठला. घरी येऊन सरळ खोलीत गेला. जेवला नाही."

ताई म्हणाली, "मला फोन करायचा होतास गं."

"तुला?" आत्या म्हणाली. "तू येतेच म्हणाली होतीस." मग तिनं पेपरची घडी घातली. "सकाळी दार उघडून त्यानंच उचलला. उभ्या उभ्या वाचला. मग बसून वाचला. मला म्हणाला, 'माझ्यासाठी सभागृह उभं राहिलं म्हणे.' आणि चपला घालून गेला निघून."

ताई आंघोळ न करता ऑफिसात गेली. संपादक तिच्यापेक्षा वयानं लहान आणि सदा हसतमुख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि म्हणाले, "वाईट झालं."

"खुलासा देऊ या. दोन ओळींचा. कार्यक्रमात सत्कार होऊ शकला नाही, नजरचुकीने."

"नजर होतीच कुठे तिथं, चूक व्हायला?" संपादक हसत म्हणाले. मग हसू आवरून म्हणाले, "ताई, जरा विचार करा. आज तुम्ही म्हणणार, हा सत्कार झालाच नव्हता. उद्या लोक विचारतील, मग कालची व्याख्यानमाला झाली होती का? परवाचं रक्तदान? आपलं अख्खं पान उघडं पडेल. मालक मला विचारतील आणि मी कुणाचं नाव सांगू? तुमच्यावर माझा राग नाही, पण मला तुमचंच नाव सांगावं लागेल."

"वर्षानुवर्षं मी तुमच्याच सांगण्यावरून..."

"म्हणून तर म्हणतो, कशाला?" ते म्हणाले. "आणि खरं सांगू, बातमी फार सुरेख होती. माझ्या आईनं वाचून डोळे पुसले."

ताई चहा न पिताच उठली. तिथून ती थेट मंडळाच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्षांचं फरशांचं दुकान. चकचकीत फरशांवर ओल्या चपलांचे ठसे उमटलेले, आणि काउंटरमागच्या भिंतीवर मंडळाच्या कार्यक्रमांची कात्रणं काचेखाली लावलेली. आजचं कात्रण अजून लावलेलं नव्हतं, पण कापून तयार होतं. शेजारी कात्री होती.

"या, या," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही तर आमची अब्रू राखलीत! काल घोळ झाला हो थोडा. सर म्हणजे देवमाणूस. मला लहानपणी त्यांनीच पाण्यात ढकललं. मी रडलो होतो." हे त्यांनी अभिमानानं सांगितलं.

"मग त्यांचा सत्कार राहिला तो करा," ताई म्हणाली. "मोठा नको. पुढच्या महिन्यात तुमची सभा आहे, तिथं करा. पाच मिनिटं. त्यांना स्टेजवर बोलवा आणि बोलू द्या."

अध्यक्षांचा चेहरा खरोखरच पडला. ते वाईट माणूस नव्हते, आणि तीच तर पंचाईत होती. "कसं जमायचं ताई? लोकांच्या दृष्टीनं सत्कार झालाय. पेपरात आलाय, तुमच्याच पेपरात, एवढा मोठा. परत केला तर लोक विचारतील, एकाच माणसाचे दोन-दोन? ते पण मुलगी पेपरात आहे म्हणून? सरांच्याच नावाला बट्टा लागायचा." त्यांनी कात्रणावरून हात फिरवला. "किती छान लिहिलंय. आम्ही हजार वेळा केला असता तरी असा झाला नसता."

मग त्यांनी खालच्या खणातून मानचिन्ह काढून काउंटरवर ठेवलं. काचेचं, बाबांचं नाव कोरलेलं. "तुम्हीच घेऊन जा ना," ते म्हणाले.

"बाबांनी उचललं नाही. मी कशी उचलू?" ताई म्हणाली आणि बाहेर पडली. तिला वाटलं, निदान एवढं तरी आपण नीट केलं. दुपारी अध्यक्षांच्या ड्रायव्हरनं ते घरी पोचतं केलं, आणि दार उघडलेल्या आत्याला नाही म्हणता आलं नाही.

संध्याकाळी ताई लवकर घरी आली ती मनाशी ठरवूनच. खुलासा नाही तर नाही, पण भेटेल त्या माणसाला आपण तोंडानं खरं सांगायचं, मग नोकरीचं जे व्हायचं ते होवो. घरात पाऊल टाकते तर बाहेरच्या खोलीत बाबांचे दोन जुने विद्यार्थी बसलेले. एक औषधांच्या दुकानाचा मालक, दुसरा बसचा ड्रायव्हर, दोघांचीही पोटं सुटलेली. टेबलावर ते काचेचं मानचिन्ह ठेवलेलं, आणि त्याच्या मागे त्या दोघांनी आणलेला फुलांचा गुच्छ.

"आम्हाला माहीतच नव्हतं हो सर," औषधवाला म्हणत होता. "पेपरात वाचलं आणि चुकचुकत बसलो. आम्ही तिथं पाहिजे होतो."

"खरंच सगळे उभे राहिले?" ड्रायव्हरनं विचारलं. त्याला ते सरांच्या तोंडून ऐकायचं होतं.

ताईनं खांद्यावरची पर्स खाली ठेवली. "खरं तर..." ती म्हणाली.

"खरं तर मलाच उठवेना," बाबा म्हणाले. त्यांनी ताईकडे पाहिलं नाही. "नाव पुकारलं, आणि बघतो तर पुढची रांग उभी. मग मागची. माझे पाय लटपटायला लागले. ही शेजारी बसली होती, तिनं दंडाला धरून उठवलं." त्यांनी आत्याकडे बोट दाखवलं. आत्या उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

"मग काय बोललात?"

"काय बोलणार? घाबरलेल्या माणसाचा हात सोडायचा नाही, एवढंच मला पाण्यानं शिकवलं. तेवढं बोललो आणि बसलो."

ड्रायव्हरनं डोळे पुसले. औषधवाल्यानं मानचिन्ह हातात घेऊन फोटो काढला. दोघं बराच वेळ बसले, तलावाच्या आठवणी निघाल्या, कुणी कुणाला कसं बुडवलं, सरांची शिट्टी कशी पार बाजारापर्यंत ऐकू यायची. बाबा हसत होते, त्यांच्या हसण्यात भर घालत होते. जाताना दोघं पाया पडायला वाकले, तर बाबांनी पाय मागे घेतले. दोघांना ती नम्रता वाटली.

दार लागलं तशी ताई म्हणाली, "बाबा, का बोललात असं? मी सांगणार होते त्यांना. मी उद्या सगळ्यांना सांगणार आहे. गेली नोकरी तर गेली."

"काय सांगणार आहेस?" बाबांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "तुझ्या बापाला कुणी स्टेजवर बोलावलंच नाही, हे? काल ते हॉलमधल्या माणसांना माहीत होतं, आणि त्यांतल्या निम्म्यांचं लक्ष नव्हतं. तू सांगितलंस की सगळ्या गावाला कळेल. एकदा छापून माझी शोभा केलीस, आता सांगून करणार?"

ताई समोरच्या खुर्चीत बसली.

"कुणीतरी खोटं ठरणारच," बाबा म्हणाले. "तू ठर नाहीतर मी ठरतो. तुला अजून नोकरी करायचीय. मी रिटायर झालोय."

"माझ्यासाठी खोटं बोलू नका हो."

"सकाळपासून बोलतोय. बागेत बोललो, दूधवाल्याशी बोललो, शेजारी येऊन गेले त्यांच्याशी बोललो. पहिल्यांदा जीभ अडखळली. आता अडखळत नाही. बघितलंस ना, किती छान जमतं ते? याचाच मला राग येतो." ते खुर्चीत टेकून बसले आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "काल कुणाला फोन करून विचारलंस का?"

"चिटणिसांना केला. ते म्हणाले जोरात चाललंय."

"मला का नाही केलास? मी तिथंच होतो. फोन हातात धरून बसलो होतो, की तू कुठपर्यंत पोचलीस ते कळावं म्हणून. मी सांगितलं असतं तुला, काय चाललंय ते."

ताई रडायला लागली. ती मोठ्यानं रडली, वयाला न शोभेल अशी. तिला स्वतःची इतकी चीड कधीच आली नव्हती. बाबांनी तिला रडू दिलं. ते उठले नाहीत, त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, आणि आत्याही बाहेर आली नाही. स्वयंपाकघरात भांडी मात्र गरजेपेक्षा जोरात वाजत होती.

तिचं रडणं ओसरल्यावर बाबा म्हणाले, "झालं ते झालं. पण एक ऐक माझं. मी मेल्याची बातमी तुझ्याच पानावर येणार. तूच लिहिशील. चांगलं लिहितेस, चांगलीच लिहिशील."

"बाबा, काहीतरीच काय बोलता!"

"ती तेवढी आधी लिहून ठेवू नकोस. चार ओळी कमी लिही, पण घरी येऊन मला बघ, आणि मग लिही."

ताईनं तोंड पुसलं. तिला म्हणायचं होतं की असं कसं वाटतं तुम्हाला, मी येणार नाही का. पण कालही ती येणारच होती.

"बरं," ती म्हणाली.